‘आयजीआय’मध्ये मधेच सेव्ह नाही, म्हणून तो बिघडला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

शत्रूच्या तळात शिरायच्या ‘प्रोजेक्ट आयजीआय’ या कॉम्प्युटर गेमवरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया काल वाचली. दोनदा वाचली. मिशन (गेममधली एक कामगिरी) सुरू असताना सेव्ह करता येत नाही, म्हणजे मेलं की ती पहिल्यापासून, हा धडधडीत दोष आहे, शत्रूचे सैनिक मठ्ठ आहेत, अलार्म वाजला की माणसं येतच राहतात, मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायची सोय, नाही, असं आपलं म्हणणं. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंत, ‘सायबर कॅफेतल्या आठवणी समीक्षा म्हणून खपवू नका.’

आधी माझी चूक. हा गेम ब्रिटिश कंपनीने बनवला असं मी लिहिलं होतं. बनवला नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने. आयडॉस ही ब्रिटिश कंपनी प्रकाशक होती. आपण दाखवून दिलंत, मी दुरुस्त केलं. आभार.

आता ‘खपवू नका’बद्दल. खपवतात तो खोटा माल. मी इथे कुणाच्या गळ्यात काय मारतोय? मत पटलं नाही तर तसं सांगा, हवं तेवढं कडक सांगा. पण लिहिणाऱ्याच्या हेतूवरच शिंतोडे उडवायचे, ही कुठली रीत? गेली बारा वर्षं मी गेम्सवर लिहितोय आणि पदरचे पैसे घालून लिहितोय.

आठवणी आहेत, नाही कुठे म्हणतो? 2002 साली सांगलीतल्या एका कॅफेत तासाला 25 रुपये मोजून आम्ही तिघं एका कॉम्प्युटरवर बसायचो. एक कीबोर्डवर, मी माउसवर, तिसऱ्याची नजर घड्याळावर. तास संपायला सात मिनिटं उरलेली असताना शेवटच्या फाटकापाशी मेलो की सगळं पहिल्यापासून. म्हणजे सेव्ह नसण्याची किंमत मी खिशातून दिली आहे, तुम्ही नाही. तरीही मी त्याला गुण म्हणतो, तर का म्हणतो एवढं तरी वाचायचं होतं.

सेव्ह नाही म्हणून माणूस थांबतो. टेकडीवर खाली बसायचं, दुर्बीण काढायची, पहारेकरी मोजायचे. सॅटेलाइटचा नकाशा उघडून कोण कुठून कुठे फिरतो ते बघायचं. कॅमेरा कुठे, अलार्मचं बटण कुठे, हे डोक्यात बसलं की मगच खाली उतरायचं. इनरलूपने या गेमचं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम, आधी 1997 च्या ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ या विमानाच्या गेमसाठी वापरलेलं, म्हणून तर तळाभोवती इतकी मोकळी जमीन मिळते. दर दोन मिनिटांनी सेव्ह करता आलं असतं, तर त्या टेकडीवर कोण कशाला बसलं असतं? धावत जायचं, मेलं की लोड करायचं. 1996 च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भीतिदायक गेममध्येही टाइपरायटरची रिबीन हाताशी असली तरच सेव्ह करता यायचं. त्यातली निम्मी भीती त्या मोजक्या रिबिनींची होती.

‘2003 च्या दुसऱ्या भागात सेव्ह द्यावंच लागलं ना?’ असं आपण विचारलंत. दिलं. पण किती दिलं? एका मिशनला मोजकेच सेव्ह. म्हणजे हवं तेव्हा सेव्ह करू देणं बनवणाऱ्यांनाही नको होतं. आपण दिलेला पुरावा माझ्याच बाजूचा आहे.

बाकी सैनिक मठ्ठ आहेत, मल्टिप्लेअर नाही, हे गेम आला तेव्हापासून सगळे म्हणत आलेत. त्यावर पुन्हा काय लिहायचं? आपण गेम स्वतः खेळलात की कुणाचा व्हिडिओ बघून लिहिलंत, अशी शंका मात्र येते.

आणि आठवणींचंच म्हणत असाल, तर मे महिन्यात मी हा गेम माझ्या भाच्याला खेळायला दिला. त्याचा जन्म 2009 चा. चार वेळा धावत आत शिरला, चारही वेळा मेला. मी मागे बसलो होतो, एक शब्द बोललो नाही. पाचव्या वेळी त्याने आपणहून दुर्बीण काढली आणि अकरा मिनिटं नुसता बघत बसला. त्याच्या कुठल्या कॅफेतल्या आठवणी? याचं उत्तर द्या, आणि सरळ द्या.