झावळ्यांच्या रविवारच्या शोबद्दल, दोन स्टार देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी साडेसहाला आमच्याकडे ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ हा येशूच्या शेवटच्या काही तासांवरचा मेल गिब्सन दिग्दर्शित सिनेमा लावला होता. तुम्ही सासूबाई आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलात, मध्येच उठून गेलात आणि रात्री दोन स्टार दिलेत. तुमचं म्हणणं असं: मुलांना झेपणार नाही हे तिकीट देताना कुणी सांगितलं नाही, इंटरव्हल नको तिथे केला, सिनेमा म्हणजे दोन तास नुसती मारहाण, ज्यू लोकांना सरसकट खलनायक केलंय, आणि आम्ही ‘लोकांच्या श्रद्धेवर धंदा’ करतो. त्याच शोला दुसऱ्या एका बाईंनी पाच स्टार देऊन ‘इतकी कधीच रडले नव्हते’ असं लिहिलंय. त्यांना मी धन्यवाद कळवलेत. तुम्हाला मात्र सविस्तर लिहायला हवं.

पहिले दोन मुद्दे सरळ आमच्या अंगावर. हा सिनेमा अमेरिकेत ‘आर’ (17 वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच बघायचा) प्रमाणपत्र घेऊन लागला होता आणि ब्रिटनमध्ये 18 वर्षांखालच्यांना बंदच होता. हे मला ठाऊक होतं, तरी खिडकीवर साधी पाटी लावली नाही. येशूचा सिनेमा म्हटलं की माझ्या डोक्यात अजून ‘दयासागर’च येतो. वडिलांच्या व्हिडिओ पार्लरमध्ये अख्खी आळी पोराबाळांसकट चटईवर बसून तो बघायची. त्या सवयीपायी तुमचा मुलगा आतमध्ये घाबरला. त्याची माफी मागतो.

इंटरव्हलचं तर विचारूच नका. मूळ सिनेमात तो नाहीच. आमच्या ऑपरेटरने सवयीने तासाभराने बटण दाबलं, आणि ते नेमकं कुठे, तर रोमन शिपाई छड्या खाली ठेवून आकडे लावलेले चाबूक उचलतात तिथे. दिवे लागले आणि तुम्ही सोडून 72 खुर्च्यांतलं कुणीही जागचं हललं नाही. समोशांचा अख्खा ट्रे तसाच परत आला. मी काउंटरवर उभा होतो, तेव्हाच तुम्ही मुलाला कडेवर घेऊन बाहेर पडलात. नऊ वर्षांचं पोर कडेवर, म्हणजे काय झालं असेल ते समजलं.

आता मारहाणीचं. तुमच्याशी माझा वाद नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, फटक्यांचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात उरकलाय, आणि मेल गिब्सनने त्याचा प्रसंग संपता संपत नाही इतका ताणलाय. खरं सांगायचं तर तो प्रसंग आला की मी स्वतः बाहेर येऊन हिशेबाची वही उघडतो. रॉजर ईबर्टसारख्या मुरलेल्या अमेरिकी समीक्षकाने या सिनेमाला चारपैकी चार स्टार दिले आणि त्याच लेखात, आपण पाहिलेला हा सगळ्यात हिंसक सिनेमा असंही लिहिलं. म्हणजे तुमचे दोन आणि त्या बाईंचे पाच एकाच माणसाच्या पोटात होते.

‘कापून दाखवायचा होता’ असं तुम्ही म्हणता. तेही झालंय. 2005 मध्ये गिब्सननेच सुमारे 5 मिनिटांचा रक्तपात काढून नवी प्रत आणली. तिकडच्या मंडळाच्या मते ती तरीही ‘आर’च होती, आणि प्रेक्षकही फिरकले नाहीत.

पण एक गोष्ट मी त्या दिवशी दारात उभा राहून पाहिली, ती तुमच्या नजरेतून सुटली असणार, कारण तुम्ही तोवर रिक्षात होता. क्रूस घेऊन येशू पडतो, त्याच्या आईला, मरियेला, तो लहानपणी अंगणात धडपडलेला आठवतो आणि ती तशीच धावत सुटते. तिथे तिसऱ्या रांगेतल्या लाल लुगड्यातल्या दोन आजी खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर गुडघ्यावर बसल्या. अरामी आणि लॅटिन संवाद, खाली इंग्रजी अक्षरं. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि वाचायची गरजही नव्हती. तीनदा पडणं, वेरोनिकेने तोंड पुसणं, हे शुभवर्तमानांत नाही, पण क्रुसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीचं स्मरण करणाऱ्या प्रार्थनेच्या, 14 स्थानांत आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी ती वाट चालणाऱ्यांना हा सिनेमा प्रार्थनेसारखा दिसतो. जो सिनेमा बघायला म्हणून येतो त्याला फटके दिसतात. तुमच्या सासूबाई ‘मला थांबायचं होतं’ असं पुटपुटत गेल्या, तेही मी ऐकलं. (घरातलं भांडण लावत नाही, पण ऐकलं.)

ज्यू लोकांबद्दलचा तुमचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटला. हा आक्षेप सिनेमा लागायच्या आधीपासून घेतला गेलाय. ज्यूंचा महायाजक कैफा आणि त्याचे साथीदार एका रंगात रंगवलेत, आणि रोमन सुभेदार पिलात मात्र बिचारा तळमळतोय. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या इतिहासातला पिलात इतका हळवा नाही. ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर’ या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या वाक्याने युरोपात ज्यूंचा शतकानुशतकं छळ झाला. गिब्सनने त्याचं खालचं भाषांतर काढलं, पण अरामीतलं वाक्य तसंच ठेवलं. येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, असं व्हॅटिकनने 1965 मध्येच जाहीर केलंय. दुसरीकडे, मरिया झालेली माया मॉर्गनस्टर्न स्वतः ज्यू आहे. अलिबाग-रेवदंड्याकडचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आपल्यात राहिले, त्यामुळे या वाक्याची धार आपल्याकडे कुणाला चटकन लागत नाही. तुम्हाला लागली, ते बरं झालं. शोआधी यावर दोन मिनिटं बोलायला हवं होतं.

‘श्रद्धेवर धंदा’ हे मात्र मान्य नाही. तिकीट 150 रुपये, त्यात एसीचं बिल निघतं. आणि दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात तिकीट काढूनच ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला होता. तो बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आमचा अख्खा व्यवसाय त्या तिकिटातून निघालाय, त्याची लाज कशी वाटेल?

तर असं करतोय. तुमचे तिन्ही तिकिटांचे 450 रुपये परत. पुढच्या वर्षी हा सिनेमा 15 वर्षांखालच्यांना नाही, पाटी खिडकीवर मोठ्या अक्षरांत, इंटरव्हल नाही, समोसे शो सुटल्यावर. पण तो लावणार, आणि झावळ्यांच्या रविवारीच लावणार.

शिवाय मे महिन्यात पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा 1964 चा, संत मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा सिनेमा आणतोय. कृष्णधवल आहे, फटक्यांचा सोस नाही. दिग्दर्शक मार्क्सवादी, तरी मत्तयाचे शब्द त्याने इमानाने ठेवलेत. गंमत म्हणजे इटलीतल्या ज्या मातेरा गावात त्याने शूटिंग केलं, तिथेच जवळपास 40 वर्षांनी गिब्सन गेला. तुमच्यासाठी दोन खुर्च्या राखून ठेवतो. सासूबाईंना तिसऱ्या रांगेत बसवू.

आणि हो, मुलाची निळी पाण्याची बाटली खुर्चीखाली राहिली होती. धुऊन काउंटरवर ठेवलीय. पैसे घ्यायला याल तेव्हा मागून घ्या.

— थिएटरमालक, वसई