हे अंशतः खरे आहे

संसदेतला प्रश्नोत्तराचा तास टीव्हीवर बघणं हा माझा जुना छंद. सकाळी अकराच्या ठोक्याला चहाचा दुसरा कप घेऊन बसायचं आणि उत्तर देणाऱ्या मंत्र्याला हसायचं. "अहो, विचारलंय काय, सांगताय काय!" हे मी भिंतीला सांगत असे. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात कोरोनामुळे तो तास झालाच नाही, तेव्हा लोकशाहीच्या काळजीने मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

त्या हसण्याची व्याजासकट परतफेड गेल्या सप्टेंबरात झाली. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीने मला बिनविरोध सेक्रेटरी केलं होतं (बिनविरोध म्हणजे, निवडीच्या दिवशी मी गावाला होतो), आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घेणं भाग होतं.

ए विंगमधले काका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. अधिवेशनासाठी उत्तरं तयार करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी माझी शिकवणी घेतली.

"विधानसभेतला प्रश्न कसा असतो? 'अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय?' आता उत्तरं. 'हे खरे आहे' म्हटलंत, तर संपलात. 'हे खरे नाही' म्हटलंत, तर कुणीतरी फोटो काढून दाखवतो. तुम्ही म्हणायचं, 'हे अंशतः खरे आहे.'"

"आणि 'असल्यास'चं?"

"'प्रश्न उद्भवत नाही.'"

काय शब्द आहे! आमच्या बिल्डिंगमध्ये गळती उद्भवते, झुरळं उद्भवतात. प्रश्न मात्र उद्भवत नाही. मी आरशासमोर म्हणून बघितलं. चेहऱ्यावर आपोआप तेज आलं.

"भ्यायचं ते उपप्रश्नाला," काका म्हणाले. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी असतात आणि २३० अतारांकित, त्यांची उत्तरं कागदावर जातात. कागदाला कुणी उलटून विचारत नाही. तारांकितवाला मात्र उत्तर ऐकून पुन्हा उभा राहतो. अशा वेळी मंत्र्याला अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येते. मला ती काका पाठवणार होते, शेवटच्या रांगेतून.

सभा साडेदहाची. कोरम वीसचा, हजर बारा. नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब. तेवढ्यात वडे आल्याची बातमी विंगांमधून फिरली आणि क्लबहाऊसमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. सभा सुरू झाली तेव्हा घड्याळात बरोबर अकरा वाजले होते. मला तिथेच पाल चुकचुकल्यासारखं झालं.

पहिला प्रश्न सी विंगच्या काकूंचा. हातात पासबुकाएवढी वही. "टँकरचा खर्च यंदा दुप्पट झाला, हे खरं आहे का?"

"हे अंशतः खरे आहे," मी भारदस्त आवाजात म्हणालो.

"कुठला अंश?"

हे शिकवणीत नव्हतं. मी काकांकडे बघितलं. काकांनी चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि पुढच्या रांगेत दिली. त्या रांगेने ती उघडली, वाचली, घडी घालून पुढे दिली. अशा पाच रांगा. चिठ्ठी माझ्या हातात पडायच्या आधीच पुढून कोरस आला, "म्हणा, म्हणा, 'माहिती घेऊन सांगतो' म्हणा!"

मी म्हणालो. दुसरं काय करणार?

"मे महिन्यात रात्री दोनला एक टँकर आला होता," काकूंनी वहीचं पान उलटलं. "तो कुणाच्या टाकीत रिकामा झाला?"

"प्रश्न उद्भवत नाही" जिभेवर आलंच होतं. पण दारात वॉचमन उभा होता. मंत्र्याला निदान आपले अधिकारी आधी कानात सांगतात. हा गडी मोठ्याने म्हणाला, "तो शेजारच्या सोसायटीचा होता, मॅडम. चुकून आपल्याकडे आला. सही साहेबांनीच केली, झोपेत होते."

अशा वेळी सभागृहात अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात. आमचे चेअरमन वडे राखत होते.

मग लिफ्ट. ती रोज बंद पडते. घाम पुसत मी एवढंच म्हणालो, "पाहतो."

"हरकतीचा मुद्दा!" शेवटच्या रांगेतून आवाज. काका उभे होते. "सेक्रेटरी 'पाहतो' म्हणाले आहेत. लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे. 'पाहतो', 'विचाराधीन आहे', हेसुद्धा तिथे आश्वासन धरतात आणि ते तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. इतिवृत्तात नोंद घ्या."

"काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"मी सहाव्या मजल्यावर राहतो."

बारानंतर शून्य प्रहर झाला. त्यात पार्किंग, कबुतरं आणि कुणाचा तरी जावई असे विषय आले. तेव्हा तोंडात वडा असल्याने मला उत्तर देता आलं नाही, हे माझं त्या दिवशीचं एकमेव यश.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मुदत संपायला तीन दिवस असताना, लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध थांबली. आत मी, काका आणि त्यांची मेथीची जुडी. बराच वेळ आम्ही तिघंही गप्प होतो. मग खालून वॉचमनचा आवाज आला, "साहेब, चौथ्यावर पोचलात का?"

मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "अंशतः."