सॉकेटजवळचं टेबल

माझी कंपनी पुण्यात आहे आणि मी सोलापुरात. २०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाऊनच्या तोंडावर, लॅपटॉप पोटाशी धरून हुतात्मा एक्सप्रेसनं घरी परतलेली आमची एक अख्खी फौज होती. पुढं एकेक करून सगळे परत गेले. मी राहिलो. घरभाडं वाचतं, आईच्या हातचं मिळतं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला कुणी परत बोलावलंच नाही, आणि आपण होऊन विचारायला मी काही वेडा नाही.

मग घरीच बसून काम का नाही करत? तर आमचं घर पूर्व भागात, आणि भिंतीपलीकडं यंत्रमाग. त्याची खटखट आम्हाला जन्मापासून ऐकू येत नाही, पण पुण्याला स्वच्छ ऐकू जाते. मॅनेजरची बरेच दिवस अशी समजूत होती की हा मुलगा मीटिंग चालू असतानासुद्धा टाइप करतोय. त्या वर्षी अप्रेझलमध्ये 'अतिशय मेहनती' असा शेरा मिळाला. त्यातलं निम्मं श्रेय सोलापुरी चादरीचं. शिवाय उजनीचं पाणी आम्हाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ते नेमकं मी स्क्रीन शेअर करत असताना येतं. "नळ आलाय रे, मोटर लाव!" ही हाक आमच्या अमेरिकन क्लायंटच्या तीन रेकॉर्डिंगमध्ये सुरक्षित आहे.

म्हणून आईला म्हटलं, उद्यापासून कॅफेत बसून काम करतो. तिचा चेहराच उतरला. तिचंही बरोबर आहे. आमच्याकडं कॅफे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं येतात प्लायवूडचे कप्पे, त्यांना पडदे, आत कॉलेजची पोरंपोरी आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पोलिसांची धाड.

"कोण आहे ती?" आईनं विचारलं.

"कुणी नाही गं. एकटाच जाणार आहे."

"एकटा? कॅफेत?" आता ती खरी काळजीत पडली.

कॅफे सात रस्त्याच्या बाजूला. पडदे नाहीत, एसी आहे, भिंतीवर इंग्रजी सुविचार आहेत आणि वाय-फायचा पासवर्ड मालकाच्या मुलीच्या नावावर आहे. सॉकेट मात्र एकच. तेही कोपऱ्यातल्या टेबलाखाली, वॉशरूमच्या दाराला चिकटून. त्यामुळं येणारा-जाणारा प्रत्येक जण हात झटकत माझ्या कीबोर्डवर दोन थेंब उडवूनच पुढं जातो. एप्रिलमध्ये मी ते तीर्थ म्हणून घेतो. बाहेर बेचाळीस अंश असतात.

कॅपुचिनो १४० रुपये. बाहेर टपरीवर चहा दहाला. म्हणजे १३० रुपये खुर्चीचे, हे मालकालाही कळतं आणि मलाही. फक्त १३० रुपयांत ती किती वेळ मिळते हे कुठं लिहिलेलं नाही. कप रिकामा झाला की वेटर तो उचलतो आणि कप उचलला की आपण उघडे पडतो. म्हणून तळाशी एक घोट राखायचा. हा घोट मी जेवणाच्या वेळेपर्यंत सांभाळतो. त्यावर साय येते, ती आक्रसते, कपाच्या आतल्या बाजूला एकाखाली एक तपकिरी कडी उमटत जातात. त्या मोजून मी किती वाजता आलो ते कुणालाही सांगता येईल. मालक मोजतो. मग वेटर येऊन मेनूकार्ड ठेवून जातो, न बोलता. मग गाण्यांचा आवाज वाढतो. मग एसी बंद होतो, जो फक्त माझ्याच डोक्यावर असतो. तरी त्याला नावं ठेववत नाहीत. माझ्या टेबलावर दुपारी चार पोरांचा वाढदिवस बसला असता, केकसकट.

पण मालक परवडला, ओळखीचे नाही. आपल्याला कुणी ओळखत नाही असं गृहीत धरूनच हे कॅफेत काम करायचं खूळ निघालं असणार. ते निघालं असेल तिथं चालत असेल. इथं पहिल्याच आठवड्यात शाळेतला मित्र खांद्यावर थाप मारून उभा.

"काय बे, नोकरी गेली काय?"

"नाही बे, नोकरीच करायलोय."

"असू दे, असू दे," आवाज खाली आणत तो म्हणाला. "आमच्या मामाच्या टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटला माणूस पाहिजेय. सांगू का?"

भर दुपारी कॉफीपुढं बसलेला धडधाकट माणूस कामावर आहे, हे सोलापूरला पटत नाही. हेडफोन घातला तर लोक तो काढून विचारतात.

त्या हेडफोनचंही एक आहे. मागचा गोंगाट काढून टाकणारं सॉफ्टवेअर पंख्याची घरघर काढतं, मिक्सरही काढतं, पण माणसाचा आवाज राखून ठेवतं, कारण त्याला वाटतं तोच महत्त्वाचा. त्यामुळं पुण्याला माझ्या मागची कोल्ड कॉफी ऐकू जात नाही, पण शेजारच्या टेबलावरचा पाहण्याचा कार्यक्रम शब्दन् शब्द ऐकू जातो. मुलीची मावशी तेलुगूत सल्ला देते, मुलाचा काका फोनवर कन्नडमध्ये तिकडचा अंदाज कळवतो, वेटरशी मराठी आणि मुलगा-मुलगी एकमेकांशी हिंदी. "तू परदेशात आहेस का?" असं एका नव्या मुलीनं मला चॅटवर विचारलं होतं.

जेवणाचा प्रश्न वेगळाच. आई बॅगेत डबा टाकते: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. 'बाहेरचे पदार्थ आणू नयेत' ही पाटी बरोबर माझ्या टेबलासमोर. एकदा मीटिंगमध्ये माझी पाळी लांब आहे असं बघून मी बॅगेत हात घालून भाकरीचा तुकडा मोडला. कडक भाकरी चोरून मोडता येत नाही. पापुद्रा तुटला तो कटकन, आणि माइक चालू. "काही पडलं का?" मॅनेजरनं विचारलं. तोवर लसणाचा वास मालकापर्यंत पोचलेला. तो तरातरा आला, पाटीकडं बोट दाखवलं, चटणीकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "घरची काय?" त्या दिवशी एसी संध्याकाळपर्यंत चालू होता.

आमची कंपनी विम्याचं सॉफ्टवेअर करते. मॅनेजरला मी कॅफेतून काम करतो हे कळलं तेव्हा, रागावेल असं वाटत असताना, त्यानं उलट इतिहास सांगितला. लंडनमध्ये १६८८ च्या सुमाराला एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीघर होतं. तिथं जहाजांचे कप्तान, मालक, व्यापारी जमायचे, जहाजांच्या बातम्या कळायच्या, तिथंच जहाजांचे विमे उतरवले जाऊ लागले आणि त्यातूनच लंडनचा लॉइड्स हा विमाबाजार उभा राहिला. "सो यू आर इन द राइट प्लेस," तो म्हणाला.

हे वाक्य स्पीकरवर होतं, कारण लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात आणि हेडफोनची बॅटरी संपली होती. पलीकडच्या टेबलावर एक विमा एजंट काका रोज बसतात. एका चहावर, तोही बाहेरून मागवलेला. त्यांना मालक काही बोलत नाही. मालकाची पॉलिसी त्यांच्याकडंच आहे. 'विमा' शब्दावर त्यांची मान वळली. क्षणात ते माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्यात.

"नमस्कार सर. बरोबर बोललात. वय काय आपलं?"

मॅनेजर गडबडून खरं बोलून गेला. "अडतीस."

"मग उशीरच व्हायलाय की हो. सिगारेट?"

"कधीतरी."

"कधीतरीला कॉलम नसतो सर." काकांनी खुर्ची ओढली, माझा लॅपटॉप स्वतःकडं वळवला आणि वही उघडली. टीममधल्या एकानं माइक चालू करून हप्ता महिन्याला भरता येतो का ते विचारलं. दुसऱ्यानं आई-वडिलांचं विचारलं. ज्या मीटिंगमध्ये एरवी पाळी आल्याशिवाय कुणी बोलत नाही, ती वेळ संपली तरी उठेना.

काकांनी मान न वळवताच वेटरला हाक मारली, "दोन कॅपुचिनो आण रे, पुण्याच्या सायबांच्या नावावर."

मॅनेजर तिकडून नको म्हणाला नाही, आणि वेटरनं मेनूकार्डसुद्धा आणलं नाही.