दोन कवितांची गाठ पडू न देण्याची कला

‘दोन्ही कवितांतील पाण्याच्या प्रतिमेची तुलना करा’ असा प्रश्न आला, तर तो शेवटपर्यंत वाचण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण एकदा वाचला की त्याचेच उत्तर द्यावेसे वाटू लागते. समजा, बालकवींची ‘औदुंबर’ आणि मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ या कविता समोर आहेत. पहिले पान निःसंकोचपणे चरित्राला द्यावे: बालकवी १८९० ते १९१८, मर्ढेकर १९०९ ते १९५६, दोघेही थोर, दोघांचेही योगदान अमूल्य. (ज्याचे मूल्यमापन करावे लागत नाही ते अमूल्य, परीक्षेत याहून सोयीचा शब्द नाही.)

त्यानंतर पहिली कविता पुरती संपवावी, मग दुसरी पुरती संपवावी आणि मधल्या खिंडीत ‘याउलट’ हा शब्द पहाऱ्यावर उभा करावा. दोघींना एकाच परिच्छेदात बसवले, तर भलतेच घडते. ‘औदुंबर’ अवघ्या ८ ओळींची. हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट असे रंग ओलांडत ती सावकाश काळ्या डोहाशी येते, आणि तिथे पाण्यात पाय टाकून झाड बसलेले असते. मर्ढेकरांचे पीपही ओलेच आहे, पण त्याच्याकडे नेणारी पायवाट नाही. पहिल्याच ओळीत उंदीर मेलेले आहेत आणि पुढच्या आखूड ओळी माना टाकाव्यात तशा पडत जातात. एकीकडे काळोखापर्यंत चालत नेणारी लय आणि दुसरीकडे चालायला जागाच न ठेवणारी लय, हे शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही कवितांतले पाणी वेगळे दिसू लागते आणि पाठ केलेले तयार उत्तर फुकट जाते. म्हणून ‘दोन्ही कवितांत पाणी आहे’ एवढेच लिहून पुढे सरकावे.

अलंकार मात्र सोडू नयेत. ते ओळखावेत आणि पसार व्हावे. औदुंबर पाय टाकून बसला आहे, ही चेतनगुणोक्ती. त्यामुळे काव्याचे सौंदर्य वाढते. ‘माना पडल्या’ हे शब्द पुन्हा येतात, ही पुनरुक्ती. त्यामुळेही काव्याचे सौंदर्य वाढते. मेलेल्या उंदरांनी सौंदर्य कसे वाढते, हे कोणी विचारत नाही. ‘ओल्या’ हे विशेषण खरे तर पिपाचे. ते उंदरांना जाऊन चिकटले आहे, याला छपाईची चूक समजून अवतरण देताना मुकाट्याने ‘ओले उंदीर’ करावे. ‘असला औदुंबर’ म्हणजे कसला, हेही विचारू नये. झाड म्हणजे पर्यावरण, असे लिहून मोकळे व्हावे.

शेवटी, कोणती प्रतिमा अधिक परिणामकारक असे विचारले असले, तरी दोन्ही आपापल्या परीने श्रेष्ठ ठरवाव्यात. एवढे करून १० मिनिटे उरली आणि त्या ‘असला’पाशी मन पुन्हा अडखळू लागले, तर पट्टी घेऊन शीर्षके दुहेरी अधोरेखित करत बसावे.