तीन फुल्या

आज उपासना संपल्यावर चर्चच्या गेटपाशी उभी होते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "मावशी, मी चार रविवार आलो नव्हतो. तुम्हाला कळलं का?"

मी म्हणाले, "हो रे राजा, कळलं ना."

खोटं बोलले. देवाच्या दारात उभं राहून खोटं बोलले. तो म्हणाला, "मग कोणी आलं का नाही?" आणि पळाला.

दुपारी जेवण गेलं नाही. म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

आमच्या संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, बावीस मुलं आहेत. चार वर्षांच्या पिल्लापासून ओठांवर मिसरूड फुटायला लागलेल्या पोरापर्यंत, सगळी एकाच खोलीत. खोली कुठली, तर मोडक्या खुर्च्या, जनरेटर आणि नाताळच्या गव्हाणीचा देखावा ठेवतात ती. शिकवायला कॉलेजची एकटी मुलगी. तिची परीक्षा असली की मुलांसमोर मोबाईल ठेवायचा आणि त्यावर गोष्ट लावायची. गेल्या महिन्यात कमिटीपुढे संडे स्कूलसाठी पाच हजार मागितले तर "पुढच्या मीटिंगला बघू". त्याच मीटिंगमध्ये नवे स्पीकर दहा मिनिटांत मंजूर! मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नव्हतं, हे खरं आहे. पण बावीस लेकरांचं काय?

मी नऊ वर्षांची होते तेव्हा आम्ही साताऱ्यात गोडोलीत राहायचो. वडील जाऊन वर्ष झालं होतं. जुलैमध्ये मला कांजिण्या आल्या. घरात फोन नव्हता, आईनं कुणाला निरोपही धाडला नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी दारात आमच्या शब्बाथ शाळेच्या बाई. संडे स्कूलला तेव्हा आम्ही शब्बाथ शाळा म्हणायचो. करंजेपासून चालत आलेल्या. सातारचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, छत्री असून नसल्यासारखी. लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला, खांद्याला कापडी पिशवी. आई म्हणाली, "बाई, लांब बसा, लागेल तुम्हाला." त्या सरळ माझ्या खाटेवर बसल्या. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली हजेरीची वही काढली, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या नावापुढं तीन फुल्या पडल्या. मला चैन पडंना."

बस्स. मुलांची सेवा म्हणजे हे. बाकी सगळं नंतर.

आता कुणीतरी लिहीलच की मुलांना विश्वासात वाढवणं आईवडिलांचं काम आहे. मान्य. बायबलमधल्या तीमथ्याला विश्वासात वाढवायला आजी लोईस आणि आई युनीके होत्या. पण ज्याच्या घरात लोईसही नाही आणि युनीकेही नाही त्या पोरानं कुणाकडे बघायचं? रविवारी शिष्यवृत्तीचे क्लास असतात, क्रिकेटचं कोचिंग असतं, हेही ठाऊक आहे मला. माझ्याच मुलीला मी दोन वर्षं क्लासला पाठवलंय. पण क्लासवाले मूल आलं नाही की संध्याकाळी घरी फोन करतात हो. आपण करतो का?

आपण साताऱ्याची माणसं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव आलं की आपली छाती फुगते. 1917 साली ते इथे आले, इथेच त्यांनी ख्रिस्ताच्या भक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला, आख्खा महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतो. आणि त्यांच्याच साताऱ्यात मुलं जनरेटरशेजारी! रविवारच्या शाळा सुरू झाल्या त्या कुणासाठी? 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्सनं गल्लीतली पोरं गोळा केली. आठवडाभर कामाला जुंपलेली, रविवारीच काय ती मोकळी. ज्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं त्यांच्यासाठी ही शाळा निघाली. तिचं आपण काय केलं, तर मोठ्यांना निवांत पाळकांचा संदेश ऐकता यावा म्हणून मुलांना कोंडायची जागा.

बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्यांनी लेकरांना आणणाऱ्यांना दटावलं तेव्हा येशू रागावला. परक्यांवर नाही, आपल्याच माणसांवर. हा उतारा आपण बालदिनाला वाचतो आणि पुढच्याच रविवारी पोरगं बाकावरून घसरलं तर वळून डोळे वटारतो. मीही वटारलेत.

आणि येशूच्या दाखल्यातलं ते हरवलेलं मेंढरू. शंभरातलं एक हरवलं, हे मेंढपाळाला कळलं कसं? त्यानं मोजली होती म्हणून. आमच्याकडे आज वहीच नाही. मी विचारलं तर ती मुलगी बिचारी ओशाळली, "ताई, फोटो काढून ग्रुपवर टाकते ना." फोटोत आलेली मुलं दिसतात गं. न आलेलं कसं दिसणार? तिच्यावर मात्र माझा अजिबात राग नाही. अठरा वर्षांच्या पोरीवर बावीस लेकरं टाकून आपण खाली चहा पीत होतो.

बाईंचं अर्धंच सांगितलं मघाशी. खरं तर तिसऱ्या रविवारपर्यंत माझ्या कांजिण्या सुकल्या होत्या. मी गेले नव्हते कारण माझी चपल तुटली होती आणि नवी घ्यायला पैसे नव्हते. आईनं ते सांगितलं नाही, मीही नाही. बाईंनी निघताना दारातली ती अंगठा तुटलेली चपल बघितली असावी. काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मला न्यायला आल्या. मी अनवाणी. चर्चच्या पायरीशी त्यांनी स्वतःच्या वहाणा काढल्या, सगळ्या पोरांना चपला काढायला लावल्या आणि गोष्ट घेतली मोशे आणि जळतं झुडूप. "तुझ्या पायांतले जोडे काढ, ही पवित्र भूमी आहे." वर्गात तेरा जोडी अनवाणी पाय. त्या दिवशी माझ्या पायांकडे कुणी बघितलं नाही.

हे माझ्या लक्षात यायला मी तिशी ओलांडली. तोवर बाई गेल्या होत्या.

लिहिता लिहिता राग उतरला. कमिटीतली माणसं वाईट नाहीत, आपलीच आहेत. पुढच्या मीटिंगला मी पुन्हा उभी राहीन. लहान आणि मोठी मुलं वेगळी बसवा. प्रत्येक वर्गावर दोन मोठी माणसं हवीत, एकटं कुणीच नको, मग तो कितीही भला असो. 2012 पासून मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा पॉक्सोचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी लेकरं आपलीच आहेत. शिकवणाऱ्यांनी शनिवारी तासभर एकत्र बसून धडा तयार करावा. आणि मुलांना नाताळच्या नाटिकेपुरतं मेंढपाळ करू नका. शास्त्रवाचन द्या, अर्पण गोळा करायला द्या, प्रार्थना करू द्या. अडखळतील. अडखळू देत. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता, त्याला कुणी गप्प बस म्हटलं नाही.

संध्याकाळी राजवाड्याकडे जाऊन दोनशे पानी वही आणली. बावीस नावं लिहायला बसले तर सतराच आठवली. पाच लेकरांची नावं मला माहीत नाहीत. गेटवरच्या त्या मुलाचंही नाही. शिकवणाऱ्या मुलीला फोन करून विचारून घेतलं. त्याचा पत्ता सदर बाजारातला आहे.

शनिवारी सहा वाजता मी त्याच्या घरी जाणार आहे. कुणाच्या घरी मुलांना भेटायला जायचं तर दोघींनी जावं असं मला वाटतं. सोबत कोण येतंय, खाली लिहा.