अरबी समुद्र शांत आहे, असं कोण म्हणतं?

"अरबी समुद्र शांत असतो, वादळं बंगालच्या उपसागरात होतात. पाणी शिरलं तरी दोन दिवसांत ओसरतं. किनाऱ्याला भिंत घातली की प्रश्न मिटला. आणि बडोद्यात बसून आपल्याला त्याची काळजी कशाला?" गेल्या आठवड्यात हा निरोप दांडिया बाजारातल्या आमच्या नात्यागोत्यात तीन-तीनदा फिरला. माझं माहेर श्रीवर्धनचं, त्यामुळे मला गप्प बसवेना.

बंगालच्या उपसागरात वादळं जास्त होतात, एवढं खरं आहे. पण 9 जून 1998 च्या चक्रीवादळात गुजरातेत कांडला बंदराच्या बाजूला हजारावर माणसं गेली, त्यांत मिठागरांतले कितीतरी मजूर होते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, 17 मे 2021 च्या रात्री तौक्ते दीव-उन्याजवळ आणि जून 2023 मध्ये बिपरजॉय कच्छात जखाऊजवळ. हा सगळा अरबी समुद्रच.

पाणी ओसरतं, वारा पडतो, हेही मान्य. मागे काय उरतं ते मात्र वाडीत उभं राहून बघावं. निसर्गानंतर आमच्या पोफळी मधोमध मोडून आडव्या पडल्या होत्या. पोफळ पडली की तिच्यावर चढवलेली मिरवेल जाते, सावलीतलं जायफळ उन्हात करपतं. नवं रोप लावलं तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर घर कशावर चालायचं? खाडीकाठी बांध फुटून खारं पाणी भाताच्या खाचरात शिरलं, तर विहीर मचूळ होते आणि पुढच्या हंगामाचंही पीक हातचं जातं. दोन दिवसांचा हिशेब या माणसांना सांगू नये.

भिंतीचं म्हणाल, तर घरं अगदी पाण्याला लागून असतील तिथे बंधारा लागतोच. पण लाट भिंतीवर आपटून परतते ती पायथ्याची वाळू ओढत. पुळण खंगत जाते आणि भिंत संपते तिथून शेजारच्या गावाची धूप वाढते. शिवाय वादळाने फुगलेलं पाणी ऐन भरतीवर चढलं, तर गणितच बदलतं. भावनगरला उधाणाच्या भरती-ओहोटीत 10 मीटरच्या आसपास फरक पडतो. तिथे भिंत किती उंच बांधणार? खारफुटी राखणं आणि खारबंधारे वेळेवर दुरुस्त करणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

राहिलं बडोदं. इथली विश्वामित्री नदी ढाढर नदीला मिळून अरबी समुद्राच्या खंभातच्या आखातातच जाते. ऑगस्ट 2024 मध्ये ज्या कमी दाबाच्या क्षेत्राने इथे पाऊस ओतला आणि विश्वामित्री घराघरांत शिरली, तेच क्षेत्र सौराष्ट्र-कच्छवरून पुढे सरकलं आणि 30 ऑगस्टला अरबी समुद्रात असना चक्रीवादळ झालं. ऑगस्टात तिथे चक्रीवादळ व्हायची 1976 नंतरची ती पहिली वेळ.

त्या आठवड्यात आमच्या तळमजल्यातला गाळ काढत असताना श्रीवर्धनहून भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, भिंती पुऱ्या वाळेपर्यंत रंग लावू नकोस. निसर्गानंतर आम्ही घाई केली, सगळे पोपडे सुटले."