ब्रेक्झिटवर बोलायचंय? मग अभ्यास टाळा!

विलायतेत मराठी माणसं फराळाला जमोत, सत्यनारायणाला जमोत की कुणाच्या साठीशांतीला, पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी ब्रेक्झिट काढतंच. सार्वमत झालं २३ जून २०१६ ला. देश युरोपीय संघातून बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला. वाद मात्र अजून घरातच मुक्कामाला आहे. नव्याने आलेल्यांची पंचाईत होऊ नये, म्हणून हे चार सल्ले.

आधी बाजू ठरवा. मुद्दे काय, मिळतात नंतर.

आकडा एकच पाठ करा, बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर रंगवलेला. आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रसेल्सला जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ! संघाच्या वर्गणीतली ब्रिटनची सवलत पैसे निघायच्या आधीच वजा होत होती, उरलेल्यातलंही बरंच शेतकऱ्यांना आणि मागास भागांना परत येत होतं, आणि सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने मतदानाआधीच हा आकडा दिशाभूल करणारा ठरवला होता. असलं काही कुणी बोललंच तर बाहेर पडा म्हणणारे तेव्हाचे मंत्री मायकेल गोव्हसाहेब यांचं स्मरण करा. लोकांना तज्ज्ञांचा वीट आलाय, असं ते टीव्हीवर सांगून मोकळे झाले होते. हा मंत्र व्याजदरापासून गुडघेदुखीपर्यंत कुठेही चालतो.

संघात राहण्याच्या बाजूचे असाल तर तुमचं काम त्याहून सोपं. समोरच्याला अडाणी म्हणा आणि पुढचा लाडू उचला. ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडमध्ये ६१ टक्के लोकांनी बाहेर पडायला मत दिलं, ते का, हे विचारू नका. तिथलं जहाजबांधणीचं काम १९८८ मध्ये कायमचं बंद पडलं, ते तर मुळीच काढू नका. आणि अर्थमंत्री ऑस्बोर्न मतदानाच्या तोंडावर तातडीच्या बजेटची, करवाढीची भीती घालत होते. ते बजेट कधी आलंच नाही, हेही सोयीने विसरा.

आयर्लंडचं नाव निघालं की पाणी प्यायला उठा. सगळा देश तेच करत होता. ब्रिटनचं उत्तर आयर्लंड आणि संघातलं आयर्लंड यांच्यामधल्या पाचेकशे किलोमीटरच्या सीमेवर पुन्हा चौक्या बसवायच्या की नाहीत, उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या शांतता कराराचं काय करायचं, हे प्रचारात विचारायला फुरसत कुणाला होती? मग पंतप्रधान थेरेसा मेबाईंचा बाहेर पडण्याचा करार संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला, तेव्हा त्यातल्या सीमा खुली ठेवायच्या हमीबद्दल मंडळी एकमेकांना विचारायला लागली, हे बॅकस्टॉप म्हणजे काय हो?

बाहेर पडल्यावर मिळालेल्या निळ्या पासपोर्टचा अभिमान बाळगा. छपाईचं कंत्राट फ्रेंच-डच कंपनीला गेलं, ते सांगू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला : ‘आपण’ आणि ‘ते’. हे जमलं की तुम्ही तयार झालात. आपण म्हणजे व्हिसा काढून, फी भरून, बायोमेट्रिकला बोटं टेकवून आलेले सज्जन. ते म्हणजे पोलंड-रोमानियाहून ‘नुसते घुसलेले’. परवाच्या फराळाला एका गृहस्थांनी मला हे खुर्ची पुढे ओढून समजावलं. २०१६ ला त्यांचा पासपोर्ट भारतीयच होता, तरी मत होतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. त्यांनी बाहेर पडायला मत दिलं. युरोपातली माणसं कमी झाली की आपल्याकडची येतील, करी हाउसांना आचारी मिळतील, असं बाहेर पडा म्हणणाऱ्या तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेलबाईंनी सांगितलं होतं म्हणे. आणि आता त्यांची तक्रार काय? तर आपलीच माणसं फार यायला लागली! जून २०२३ ला संपलेल्या वर्षात येणारे वजा जाणारे हा हिशेब नऊ लाखांवर गेला, त्यात आपले भरपूर. काकांना ते खुपतं. दुसरं दुःख स्पेनच्या विमानतळावरचं. ब्रिटिश पासपोर्ट असून बाहेरच्यांच्या रांगेत उभं केलं, वर कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस राहा म्हणाले. ‘मुद्दाम करतात हो, सूड आहे सूड!’ सूड कसला, डोंबल? संघाबाहेरच्या माणसाला जो नियम तोच तुम्हाला. तुमच्या सख्ख्या बहिणीला नाशिकहून तिकडे जायचं तर आधी बँकेची स्टेटमेंटं, हॉटेलचं बुकिंग, विमा, पगाराच्या स्लिपा घेऊन व्हिसाची तारीख मिळेपर्यंत झुरावं लागतं. तिने कधी सूड म्हटलं नाही.

हे भाषण चालू असताना हॉलची पोलिश बाई आमच्या मागे खुर्च्या रचत होती. किती वर्षं इथे आहे, कर भरते, मुलं इथल्या शाळेत. काका, ती घुसलेली नाही. तेव्हाच्या कायद्याने तिला यायचा हक्क होता, तुमच्या व्हिसाइतकाच सरळ. सार्वमतात मत मात्र तिला नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर युरोपातल्या कुणालाच नव्हतं. या देशात काल आलेल्या तुम्हाला होतं. तिचं घर इथे राहणार की नाही, ते तुम्ही ठरवलंत, आणि तिला २०२१ च्या जूनअखेरपर्यंत राहू देण्यासाठी अर्ज करावा लागला. तुम्हाला करावा लागला का? बाहेर पडावं असं वाटणं हा गुन्हा नाही, त्याला बरी कारणंही होती. पण ती तुम्हाला ठाऊकच नाहीत! मासेमारी नाही, न्यायालयं नाहीत, संसदेचे अधिकार नाहीत, तुम्ही फक्त दार लावायला मत दिलंत, तेही स्वतः आत आल्यावर. आणि मग त्या बाईकडे हात करून, तिच्या देखत, मोठ्याने ‘ही असली माणसं’ म्हणालात. तिला मराठी येत नाही, म्हणून तुमची अब्रू वाचली. आमची नाही वाचली.